वारीच्या वाटेवर आयपॅड मिनी

आळंदी ते पंढरपूर ही वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. या वाटेवर खांद्याला लावायची कुठलीही वस्तू मी आधी काट्यावर ठेवते, तिचे बाकीचे गुण नंतर बघते. माझा टॅबलेट म्हणजे सहाव्या पिढीचा आयपॅड मिनी, २०२१ साली बाजारात आलेला, २५६ जीबीचा, नुसता वायफायवाला. वजन २९३ ग्रॅम. कॅमेरा कॅननचा आर १०, तो बॅटरी-कार्डासकट ४२९ ग्रॅम, लेन्स वेगळी. म्हणजे टॅबलेट कॅमेऱ्याहूनही हलका. स्टुडिओतला लॅपटॉप चार्जरसकट दोन किलोच्या घरात जातो. तो न्यायचा तर दिंडीच्या ट्रकमध्येच टाकावा लागेल, आणि ट्रकमध्ये त्याच्या अंगावर राहुट्यांचे बांबू, शेगड्या, पिठाची पोती चढणार. मिनी कॅमेऱ्याच्याच सॅकमध्ये, पाठीला लागून, दिवसभर माझ्याबरोबर चालतो.

फलटणला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई ओसरली की ज्येष्ठ वद्यात मी आत्याबाईंच्या दिंडीबरोबर माउलींच्या पालखीला जाते आणि चालता चालता फोटो काढते. हा रिव्ह्यू त्या वापराचा आहे. सिनेमे बघायला मिनी कसा, गेम कसे चालतात, यातलं मला काही सांगायचं नाही. दिवसभराचे फोटो त्याच दिवशी नीट बघता यावेत आणि पाठ टेकायच्या आधी त्यांची दुसरी प्रत झालेली असावी, या दोन कामांसाठी मी तो घेतला.

टॅबलेट घेतला की बॅकअपची काळजी मिटली, असं दुकानात सांगतात. तेवढ्याने ती मिटत नाही. टॅबलेटच्या पोटात फोटो उतरवले आणि कार्ड पुसून पुन्हा कॅमेऱ्यात घातलं, तर प्रत एकाची एकच राहिली, फक्त तिची जागा बदलली. मी टॅबलेटकडे फोटो बघायची आणि इकडून तिकडे पोचवायची जागा म्हणून बघते. प्रती राहतात कार्डावर आणि एसएसडीवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या बाहेरच्या ड्राइव्हवर. त्यामुळे विकत घेताना प्रोसेसरपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते खालचं एकुलतं एक भोक, म्हणजे पोर्ट. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथेच आहे.

आधी बघण्याबद्दल.

आर १० चा मागचा पडदा ३ इंची. त्यावर सगळेच फोटो बरे दिसतात. मिनीचा पडदा ८.३ इंची, २२६६ बाय १४८८ पिक्सेलचा. त्यावर फोटो दोन बोटांनी मोठा केला की पापणीचा केस फोकसमध्ये आहे की मागच्या पताकेची शिवण, हे लगेच कळतं. याचा उपयोग कुठे झाला तो सांगते. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व, त्याच्या पाठीवर माणूस बसत नाही. सगळा खेळ काही क्षणांचा. आर १० यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ फोटो काढतो, तेव्हा फ्रेम भरपूर मिळतात. पण कॅमेऱ्याने फोकस नेमका कशावर धरला हे तिथल्या तिथे, गर्दीच्या रेट्यात, ३ इंची पडद्यावर कळणं अशक्य.

तरडगावच्या मुक्कामी मी त्या फ्रेम मिनीवर एकेक करून बघितल्या. स्वाराचा अश्व जवळजवळ सगळीकडे धारदार आला होता, कारण कॅमेरा स्वाराचा चेहरा ओळखून त्याला चिकटून राहिला. माउलींच्या अश्वाच्या वेळी मात्र फोकस वारंवार समोरच्या टाळकऱ्यांच्या चेहऱ्यांवर जात होता. कारण सरळ आहे. आर १० चा प्राणी ओळखणारा मोड कुत्रा, मांजर आणि पक्षी यांच्यासाठी आहे, घोडा त्यात धरलेला नाही. पुढे पुरंदवड्याच्या गोल रिंगणात मी दुसऱ्या अश्वासाठी ओळखायची सोय बंद केली, फोकससाठी चौकटीचा फक्त मधला भाग, म्हणजे झोन, लावला आणि अश्व त्या झोनमध्ये धरून कॅमेरा फिरवत राहिले. फरक लख्ख दिसला. लग्नात सप्तपदी एकदाच होते, तिथे हे शिकून उपयोग नाही. वारीत रिंगण पुन्हा येतं, तंबोऱ्यावरचा हात पुन्हा दिसतो, नदीचं स्नान सोडलं तर बहुतेक गोष्टी उद्या परत समोर असतात. म्हणूनच त्याच दिवशी मोठ्या पडद्यावर बघण्याला वारीत इतकी किंमत आहे.

पांढऱ्या रंगाचंही तसंच. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खाली उन्हात रापलेला चेहरा. आषाढातलं आभाळ मध्येच फाकतं आणि टोपीवरची सुताची वीण उडून नुसता पांढरा ठिपका उरतो. मिनीवर ही वीण आहे की गेली हे स्पष्ट दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी एक्स्पोजर किती खाली ओढायचं याचा अंदाज येतो. माझा आकडा बहुतेक वेळा दोन तृतीयांश स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेड मोजायची पायरी) खाली असा ठरलेला आहे. चेहरा रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमधून, वर काढता येतो, उडालेली वीण कशानेच परत येत नाही.

रंगाबाबत एक सावधगिरी. मिनीत ट्रू टोन नावाची सोय आहे, ती आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा पांढरा रंग बदलते. वाचायला ती चांगली. राहुटीत मात्र दुपारचा उजेड निळ्या किंवा पिवळ्या ताडपत्रीतून गाळून येतो आणि ट्रू टोन त्या उजेडाशी जुळवून घेत बसतो. मग पताकेचा भगवा कधी विटकरी दिसतो, कधी नारिंगी. मी ट्रू टोन आणि रात्री पडदा पिवळा करणारी नाइट शिफ्ट, दोन्ही वारीभर बंद ठेवते. तरीही ताडपत्रीखाली रंगांना हात लावत नाही. आपले डोळेही त्या उजेडाला सरावलेले असतात. तिथे फक्त फोकस, उजेड आणि चौकट बघायची. बुक्क्याचा काळा आणि अष्टगंधाचा रंग घरी स्टुडिओतच ठरवायचा.

उन्हात मिनीचा पडदा वाचता येत नाही. उजळपणा ५०० निट्सचा आहे, काचेवर चकाकी कमी करणारा थर आहे, तरी भर रस्त्यावर आपलाच चेहरा दिसतो. झाडाखाली, देवळाच्या ओवरीत किंवा ट्रकच्या सावलीत बसावं लागतं. विसावा असतोच, त्यामुळे माझं अडत नाही.

आता संध्याकाळचं काम. मुक्कामाला पोचून समाज आरती झाली, जेवणं उरकली, की कीर्तन सुरू होण्याआधी मला निवांत वेळ मिळतो. मिनीला यूएसबी-सी हब लावते, म्हणजे एका पोर्टची अनेक तोंडं करणारी डबी. हबमध्ये एका बाजूला एसडी कार्ड, दुसऱ्या बाजूला एसएसडी आणि चार्जिंगच्या तोंडाला पॉवर बँक. एसएसडी सॅमसंगची टी ७, १ टीबीची, वजन ५८ ग्रॅम, आत फिरणारा एकही भाग नाही. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क यासाठी घेऊ नये. एक तर ती आपटली की संपली, आणि टॅबलेटकडून मिळणाऱ्या विजेवर अशा डिस्क बऱ्याचदा सुरूच होत नाहीत.

फाइल्स ॲप उघडलं की डाव्या पट्टीत कार्ड आणि एसएसडी दोन्ही दिसतात. ही सोय आयपॅडला २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आहे. त्याआधी कार्डावरचे फोटो थेट बाहेरच्या ड्राइव्हवर टाकता येत नसत. आता कार्डाच्या डीसीआयएम फोल्डरमध्ये जायचं, आतलं १००कॅनन नावाचं फोल्डर दाबून धरायचं, कॉपी म्हणायचं, आणि एसएसडीवर त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये जाऊन पेस्ट करायचं. फोटो मिनीच्या पोटात न शिरता परस्पर कार्डावरून एसएसडीवर जातात. त्यामुळे मिनीच्या २५६ जीबीची जागा अडत नाही.

त्या दिवसाचं फोल्डर आधी करून ठेवणं फार गरजेचं आहे. कॅनन फाइलींना आयएमजी ०००१ ते ९९९९ असे आकडे देतो आणि मग पुन्हा ०००१ वर येतो. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली तर एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर येऊ शकतात आणि ॲप विचारतं, जुनी बदलू की दोन्ही ठेवू. दमलेल्या डोळ्यांनी, मिणमिणत्या बल्बखाली हा प्रश्न समोर यायलाच नको. म्हणून माझी फोल्डरं "०४ सासवड कार्ड अ", "०४ सासवड कार्ड ब" अशी असतात. आकडा पुढे असला की फोल्डरं आपोआप वाटेच्या क्रमाने लागतात.

कॉपी चालू असताना पडदा बंद होऊ द्यायचा नाही. सेटिंगमध्ये ऑटो-लॉक नेव्हरवर ठेवते आणि ते ॲपही समोरून हलवत नाही. कॉपी संपली की दोन्ही फोल्डरांतल्या फाइलींची संख्या ताडून बघते, मग गेट इन्फोमध्ये दोघांचा आकार ताडते, आणि शेवटी एसएसडीवरच्या प्रतीतली सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा काही फाइली प्रत्यक्ष उघडून बघते. हे हाताने करावं लागतं. कॉम्प्युटरवरची चांगली सॉफ्टवेअरं प्रत्येक फाइल पुन्हा वाचून मूळ फाइलीशी पडताळून देतात. फाइल्स ॲपमध्ये तशी सोय नाही, आणि फोटोच्या कामाला आयपॅड देताना ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्यांचं पोट फोटोवर आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा. ड्राइव्ह सुरक्षितपणे काढायचं बटणही मला त्यात मिळालेलं नाही. मी कॉपी संपल्यावर थोडं थांबते, एसएसडीचा दिवा स्थिर झाला की मगच केबल काढते. एसएसडी एक्सफॅट या पद्धतीत (ड्राइव्हवर फाइली मांडायची रीत) फॉरमॅट केलेली आहे, कारण स्टुडिओतला कॉम्प्युटर विंडोजचा आहे आणि ॲपलची स्वतःची एपीएफएस पद्धत तो वाचत नाही. एक्सफॅट मधेच तुटलेली केबल सहन करत नाही, म्हणून हा धीर धरायचा.

फोटोज ॲपमधूनही कार्ड वाचता येतं. कार्ड लावताच सगळ्या फोटोंच्या छोट्या चौकटी दिसतात, आधी घेतलेले वेगळे दाखवतात, दिसायला फार सुटसुटीत. पण ते फोटो मिनीच्या आत घेतं, आणि शेवटी विचारतं की कार्डावरचे फोटो ठेवू की काढून टाकू. इथे ठेवू हेच म्हणायचं, कधीही. वारी संपून घरी पोचेपर्यंत माझं एकही कार्ड पुसलं जात नाही. ६४ जीबीची कार्डं भरपूर घेऊन निघते. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे भरलेलं आणि कोरं यांत गल्लत होत नाही. आर १० ला कार्डाचा एकच खण आहे. दोन खणांचे कॅमेरे एका वेळी दोन कार्डांवर लिहितात, तशांचं रात्रीचं काम थोडं निवांत असतं. माझ्यासारख्यांना एसएसडीशिवाय गत्यंतर नाही.

आता पोर्टबद्दल. माझ्या मिनीचं यूएसबी-सी सेकंदाला ५ गिगाबिट वेगाचं आहे. साधा आयपॅड, म्हणजे २०२२ चा दहाव्या पिढीचा किंवा २०२५ चा ए १६ वाला, बाहेरून यूएसबी-सीच दिसतो. पण आतून तो यूएसबी २ च्या वेगाने चालतो, ४८० मेगाबिट. भोक तेच, केबल तीच, दुकानदारही "दोन्ही टाइप-सीच आहेत" म्हणतो. साध्या, यूएचएस-१ वेगाच्या कार्डावरून सेकंदाला ८०-९० एमबी निघतात. माझ्या मिनीवर ६४ जीबीचं भरलेलं कार्ड पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर एसएसडीवर उतरतं. ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. त्यातून आपण कार्ड आणि एसएसडी एकाच हबवर लावलेली असते. यूएसबी २ मध्ये एका वेळी एकाच दिशेने माहिती जाते, त्यामुळे कार्डावरून वाचणं आणि एसएसडीवर लिहिणं एकाच अरुंद बोळातून आळीपाळीने होतं. तेच कार्ड तिथे तासाच्या घरात जातं. रोज रात्री तास. दिवसभर वीस-बावीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाला हा तास झेपत नाही. मग "आजचं उद्या करू" सुरू होतं आणि बॅकअप तिथेच थांबतो. नवीन आयपॅड मिनी, २०२४ चा ए १७ प्रो वाला, १० गिगाबिटचा आहे आणि १२८ जीबीपासून सुरू होतो. आयपॅड एअरचं पोर्टही वेगवान आहे, पण त्यातला छोटाही ४६० ग्रॅमच्या आसपास जातो.

हबच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत. बाजारातल्या एका बिननावाच्या हबने मला फार छळलं. तापला की कार्ड मधूनच गायब व्हायचं आणि कॉपी अर्धवट राहायची. आताचा हब ओळखीच्या कंपनीचा आहे, केबल त्यालाच जोडलेली आणि आखूड. त्यात चार्जिंग आत घ्यायची सोय असली पाहिजे, कारण मिनीला पोर्ट एकच.

विजेची व्यवस्था वारीत सगळ्यांनाच करावी लागते. दिंडीच्या जनरेटरवर एकच लांबलचक बोर्ड असतो आणि त्यावर मोबाइल लटकलेले. तिथे मी मिनी लावत नाही, फक्त पॉवर बँक लावते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. मिनीची बॅटरी १९.३ वॅट-अवरची. घट जमेस धरली तरी मिनी अडीच वेळा भरतो. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा, तिथे सगळं व्यवस्थित चार्ज करून घेता येतं. दिवे घाटातले फोटो तोवर कार्डांत गच्च भरलेले असतात, त्यामुळे सासवडची संध्याकाळ माझी सर्वांत मोठ्या बॅकअपची.

पाऊस ही मिनीची दुबळी बाजू. त्याला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही रेटिंग नाही. मी तो जाड झिपच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, सॅकवर रेनकव्हर अशी ठेवते, आणि पाऊस चालू असताना काढतच नाही. ओल्या बोटांनी पडदा वेड्यासारखा चालतो, कोरडा पंचा जवळ हवाच. माझ्या बारामतीच्या भाच्याकडे सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस ९ आहे. तो आयपी ६८ आहे, म्हणजे पाणी-धुळीपासून संरक्षणाचं रेटिंग असलेला, त्यात मायक्रो एसडीचा खण आहे, एमोलेड पडदा ११ इंची आणि देखणा. वजन मात्र ४९८ ग्रॅम. गाडीने फिरणाऱ्या, कोकणात पावसाळी फोटोग्राफी करणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगेन. पायी चालणाऱ्याला दोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळी खांद्याला कळतो.

क्लाउडचा विचार वारीत सोडून द्यावा. लाखो माणसं एका गावात, प्रत्येकाच्या हातात फोन. साधा फोन लागायची मारामार असते, तिथे २५-३० एमबीच्या रॉ फाइली कुठे चढवणार? त्यात आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबी, गुगलची १५. माझ्यासारखीला तीही अर्ध्या दिवसाची होत नाही.

त्याऐवजी मी वाटेचाच उपयोग करून घेते. पालखी फलटणला मुक्कामी येते आणि फलटण माझं गाव. निघताना माझ्याजवळ दोन एसएसडी असतात. फलटणला पोचेपर्यंतचं सगळं दोन्हींवर असतं. तिथे एक घरी कपाटात ठेवते आणि दुसरी पुढे बरड, नातेपुते, माळशिरसकडे घेऊन जाते. म्हणजे अर्ध्या वाटेवर माझ्या फोटोंची एक प्रत घरात सुरक्षित असते, एक माझ्या सॅकमध्ये आणि मूळ कार्डं कमरेच्या पाकिटात. सॅक हरवली, भिजली, चोरीला गेली तरी अर्धी वारी वाचली. ज्यांचं घर वाटेवर नाही त्यांनी भेटायला येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती एक प्रत परत पाठवावी. वाटेवरच्या गावांत कुणी ना कुणी भेटायला येतंच.

आणि दाखवण्याबद्दल लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू अपुरा राहील. मिनी घेताना हा उपयोग माझ्या मनातही नव्हता.

फाइल्समध्ये फाइली प्रकारानुसार लावल्या की जेपीईजी, म्हणजे नेहमीच्या आटोपशीर फोटो-फाइली, एका जागी येतात. मी कॅमेरा रॉ आणि छोटी जेपीईजी अशा जोडीवर ठेवते आणि त्यातल्या फक्त जेपीईजी मिनीत उतरवते. दुपारच्या विसाव्याला भाकरी खाऊन झाली की वडाखाली परात उपडी घालून त्यावर मिनी उभा करते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका वेळी एकच माणूस डोकावू शकतो. इथे सात-आठ माणसं बसतात. "माउली, दावा की जरा," म्हणत मागून आणखी येतात. आणि नुसतं बघत नाहीत, दुरुस्त करतात. परभणीकडचे एक विणेकरी बाबा एका फोटोवर थांबले. मी त्या फोटोला त्यांच्याच दिंडीचं नाव दिलं होतं. त्यांनी बोट पडद्यापासून वीतभर लांब धरलं, काचेला लागू दिलं नाही, आणि म्हणाले, "ह्यो आमचा मृदंगवाला न्हाई माउली. आमच्याच्या उजव्या हाताला पट्टी हाय, बोट चिरलंय त्याचं. ह्यो पल्याडच्या दिंडीतला." मग त्यांनी पल्याडची म्हणजे कुठली, तिचा क्रमांक काय, तो रथापुढचा की रथामागचा, सगळं सांगितलं. रथापुढे २७ दिंड्या आहेत आणि रथामागच्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजतात, त्यामुळे नुसतं "दिंडी क्रमांक ९" लिहून चालत नाही, पुढे की मागे हे लिहावंच लागतं. ही माहिती घरी बसून मला कुणीही दिली नसती. आता मी दुपारी मिळालेली नावं, गावं, क्रमांक तिथल्या तिथे नोट्समध्ये लिहून ठेवते आणि संध्याकाळी ती नोट त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये टाकते. फोटोबरोबर माणसाची ओळखही एसएसडीवर जाते.

आत्याबाईंना तुळशीवाल्या बायकांचे फोटो आवडतात. त्या पुढे सरकवायला सांगतात आणि ज्या बाईचं वृंदावन डोक्यावर तिरपं झालं असेल त्या फोटोला "हा नको" म्हणतात. कुणाचा फोटो चांगला दिसत नाही तो मी बाहेर कुठेच देत नाही. हे ठरवायला त्या आणि दिंडीतल्या बायका माझ्याहून जास्त योग्य आहेत. एखादी म्हणाली की माझा काढून टाक, तर तो तिच्यासमोर बाजूला करते. मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय तिला तरी कसं कळणार की आपण त्यात कशा दिसतोय.

निवड करायला मी लाइटरूम वापरते. त्यातल्या रेट आणि रिव्ह्यूमध्ये डाव्या अर्ध्या भागात बोट वर-खाली केलं की तारे लागतात, उजव्या भागात केलं की ठेव-काढचा झेंडा. अंगठ्याने झरझर होतं. एका रिंगणाच्या शेकडो फ्रेमांतून वीस-पंचवीस काढायला ही पद्धत झकास आहे. पण लाइटरूम फोटो आपल्यात उतरवून घेतं, आणि नेट मिळालं की क्लाउडवर चढवायला लागतं, म्हणून त्यात फक्त निवडक जेपीईजी टाकते आणि मोबाइल डेटावरचं सिंक बंद ठेवते. पूर्ण सोयींसाठी दर महिन्याचे पैसे द्यावे लागतात, हेही लक्षात घ्यावं.

आज कुणी नवीन घेणार असेल तर माझं मत असं. पायी फिरणाऱ्याने मिनी घ्यावा, ए १७ प्रो वाला १२८ जीबीचा पुरे, कारण फोटो एसएसडीवरच जाणार आहेत; वाचलेल्या पैशांत दुसरी एसएसडी घ्यावी. वापरलेला सहाव्या पिढीचा मिळाला तर तोही चालेल, मात्र ६४ जीबीचा टाळावा, जेपीईजी आणि ॲपमध्येच तो भरतो. विकत घेण्याआधी आपलं कार्ड, आपला हब आणि आपली एसएसडी दुकानात नेऊन एक भरलेलं कार्ड तिथेच उतरवून बघावं, घड्याळ लावून. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. सेल्युलरवाल्याचे, म्हणजे मोबाइल नेटवर्क चालणाऱ्याचे, जास्तीचे पैसे वारीसाठी देऊ नयेत. पेन्सिल मला लागली नाही. कव्हर मात्र मागून टेकू देणारं घ्यावं, परातीवर उभं राहायला तेच लागतं.